ते चार लोक

मराठीत ‘मत’ हा शब्द दोन कामं करतो. मनात असतं तेही मत आणि मतपेटीत पडतं तेही मत. ‘माझं असं मत आहे’ असं आपण म्हणतो आणि ‘मी मत देऊन आले’ असंही म्हणतो. पुष्कळ भाषांत या दोन गोष्टींना दोन निरनिराळे शब्द आहेत. आपल्याकडे एकच आहे, त्यामुळे मनातलं जसंच्या तसं पेटीत जातं, मध्ये कोणीच नसतं, असा एक समज नकळत होऊन बसतो. आज मला त्या मधल्या जागेबद्दल बोलायचं आहे.

दुसरा एक शब्दप्रयोग घेते. ‘चार लोक काय म्हणतील?’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे चार लोक म्हणजे नेमके कोण, ते कोणी सांगत नाही. पण ते आहेत, याबद्दल कोणाला शंका नसते. १९८५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत लोकांना विचारलं होतं, की गेल्या सहा महिन्यांत तुमच्या लेखी महत्त्वाच्या असलेल्या गोष्टी तुम्ही कोणाकोणाशी बोललात? सरासरी काढली ती तीनच्या जराशी आतच आली. तीन माणसं, आपण स्वतः धरून चार. ओळखीचे शेकडो असतात, फोनमध्ये हजार नंबर असतात. पण मनातलं बोलायला माणसं एवढीच.

विषयात शिरण्याआधी एक प्रसंग सांगते. आम्ही सातजण जुने मित्रमैत्रिणी, वीस वर्षांची ओळख. एका निवडणुकीच्या आठ दिवस आधी भेटलो होतो. गप्पांच्या ओघात एकजण सहज म्हणाला, “आपलं तर काय, ठरलेलंच आहे,” आणि त्याने एका उमेदवाराचं नाव घेतलं. त्याने कोणावर दबाव आणला नाही, आवाज चढवला नाही. ‘आपलं’ एवढा एक शब्द वापरला. माझं तोवर ठरलेलं नव्हतं; खरं म्हणजे मन दुसऱ्या बाजूला झुकत होतं. पण मी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. विषय बदलला. रात्री साडेदहाला त्यातल्याच एका मैत्रिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “अगं, तू काही बोलली नाहीस म्हणून मीही गप्प बसले. मला तो माणूस मुळीच पटत नाही.”

या फोनकडे मी परत येणार आहे. आधी थोडं मागे जाऊ.

माणूस मत कसं ठरवतो, याचा बारकाईने पाठपुरावा करणारा पहिला मोठा अभ्यास १९४० साली झाला. पॉल लाझार्सफेल्ड हे मूळचे व्हिएन्नाचे, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ. तो रेडिओचा भराचा काळ होता. हुकूमशहा रेडिओवरून अख्ख्या देशाचं मन फिरवू शकतात, अशी धास्ती जगभर होती. लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातली ईरी काउंटी निवडली आणि तिथल्या सुमारे ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटत राहिले. त्या वर्षी रुझवेल्ट विरुद्ध विल्की अशी अध्यक्षपदाची लढत होती. रेडिओवरची भाषणं आणि वर्तमानपत्रं यांनी लोक इकडचे तिकडे कसे होतात, ते दिसेल अशी अपेक्षा होती.

दिसलं ते वेगळंच. निम्म्याच्या आसपास लोकांचं प्रचाराला तोंड फुटायच्या आतच ठरलेलं होतं. एका पक्षाकडून थेट दुसऱ्या पक्षाकडे गेलेले अगदी थोडे. आणि ज्यांचं खरोखर बदललं किंवा उशिरा ठरलं, त्यांना कारण विचारलं तर ते रेडिओचं किंवा वर्तमानपत्राचं नाव घेण्याआधी माणसांची नावं घेत: नवरा, भाऊ, कामावरचा सोबती. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईने सांगितलं, की येणारी गिऱ्हाइकं आपापसात जे बोलायची ते कानावर पडून पडून तिचं मन फिरलं. तिला कोणी काही समजावलं नव्हतं, ती बोलण्यात सामीलही नव्हती. आणि घरातल्या घरात मतं फुटल्याचं सांगणारे शंभरात जेमतेम चार निघाले.

त्यातून लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी कल्पना मांडली ती आजही उपयोगी आहे. बातमी माणसापर्यंत थेट पोचते, पण तिचा अर्थ थेट पोचत नाही. प्रत्येक गोतावळ्यात एखादा असतो, ज्याला ‘यातलं कळतं’ असं बाकीचे मानतात. तो वाचतो, ऐकतो आणि त्याच्या तोंडून ती गोष्ट बाकीच्यांकडे जाते. हा माणूस मोठा पुढारी असतोच असं नाही. बऱ्याचदा तो आपल्याच वयाचा, आपल्याच परिस्थितीतला असतो. म्हणूनच आपण त्याचं ऐकतो, कारण यात त्याला काही मिळवायचं नाही, हे आपल्याला ठाऊक असतं.

इथपर्यंत ऐकून एक शंका यायला हवी, आणि ती फार रास्त शंका आहे. आपल्याकडे म्हण आहे: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ बैलांच्या बाबतीत हे सोपं आहे. कोणाला कोणाशेजारी बांधायचं ते शेतकरी ठरवतो. माणसांच्या बाबतीत दावं आपल्याच हातात असतं. आपण आपल्यासारख्यांच्याच शेजारी जाऊन उभे राहतो. मग मित्रांची मतं सारखी दिसली, तर मैत्रीमुळे मतं जुळली म्हणायचं, की मतं आधीच जुळत होती म्हणून मैत्री झाली? की दोघांच्या परिस्थितीने दोघांना एकाच बाजूला ढकललं? नुसती पाहणी करून हे सुटत नाही. या विषयावरची पुष्कळ बेधडक विधानं इथेच घसरतात.

हे थोडंफार उलगडणारा एक जुना अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचं मुलींचं एक लहानसं कॉलेज होतं. १९३० च्या दशकात थिओडोर न्यूकम तिथे शिकवत होते. मुली बहुतेक सधन, सनातनी घरांतल्या. शिक्षक मात्र पुरोगामी विचारांचे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यूकम यांनी मुलींचा कल विचारला. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्के रिपब्लिकन, म्हणजे जुन्या वळणाच्या पक्षाचे उमेदवार लँडन यांच्या बाजूच्या होत्या. दुसऱ्या वर्षाला हे प्रमाण ४३ टक्के होतं, आणि शेवटच्या दोन वर्षांत फक्त १५ टक्के. कॉलेजात प्रतिष्ठा कोणाला होती, मैत्रिणी कोणाकडे बघून बोलायला शिकत होत्या, हे न्यूकम यांनी बारकाईने नोंदवलं. ज्या मुली मनाने घरच्यांनाच धरून राहिल्या आणि कॉलेजच्या वर्तुळात रमल्या नाहीत, त्या फारशा बदलल्या नाहीत.

पण त्याहून महत्त्वाचं पुढेच आहे. पंचवीसेक वर्षांनी न्यूकम यांनी त्याच बायकांना पुन्हा गाठलं. कॉलेज संपलं, घरं बदलली, सधन संसार झाले. तरी बहुतेकींची मतं कॉलेजात बनली होती तशीच होती. कारण शोधलं तर असं दिसलं, की त्यांनी नवरा आणि मैत्रिणी अशा निवडल्या होत्या की ती मतं तगून राहतील. म्हणजे आधी वर्तुळाने मत घडवलं आणि मग त्या मताने पुढचं वर्तुळ निवडलं. ढवळ्याचा गुण पवळ्याला लागला, आणि मग पवळ्याने आपला गोठाही त्याच बेताने शोधला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकामागून एक घडणाऱ्या.

तरीही निव्वळ प्रभाव किती, हे मोजायचं तर कोणाच्या कानावर काय पडेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. डेव्हिड निकरसन यांनी डेन्व्हर आणि मिनिआपोलिस या शहरांत तसं केलं. ज्या घरात दोनच मतदार आहेत अशी घरं घेतली. कार्यकर्ता दारावर जाई आणि दार उघडणाऱ्याशी बोले. काही घरांत मतदानाला या असं सांगितलं. काही घरांत मतदानाचा विषयच नाही. कचऱ्याचा पुनर्वापर करा, एवढं सांगून कार्यकर्ता परत फिरे. कोणत्या घरात काय बोलायचं ते आधीच चिठ्ठ्यांनी ठरलेलं. नंतर अधिकृत नोंदी तपासल्या. दार उघडणाऱ्याचं मतदान वाढलं, ते अपेक्षितच होतं. पण दाराशी न आलेल्या, आतल्या खोलीत असलेल्या माणसाचंही वाढलं. दार उघडणाऱ्यावर जेवढा परिणाम झाला, त्याच्या सुमारे ६० टक्के परिणाम आतल्या माणसापर्यंत गेला. दारापासून आतल्या खोलीपर्यंत ते अंतर किती असेल? दहा पावलं. कोणी भाषण केलं नसेल. “अरे, उद्या जायचंय हं आपल्याला,” एवढंच कोणी म्हणालं असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मतदानाला जायचं की नाही, हा एक प्रश्न. कोणाला मत द्यायचं, हा दुसरा. प्रयोगांतून पक्का पुरावा मिळतो तो बहुतेक पहिल्याबद्दल, कारण कोण मतदानाला गेलं याची नोंद असते. कोणाला दिलं याची नोंद नसते, आणि नसावीच. दुसऱ्या प्रश्नावर आपल्याला माणसाच्या तोंडच्या शब्दावर अवलंबून राहावं लागतं. प्रभाव दोन्हीकडे आहे, पण दोन्हीबद्दल सारख्याच छातीठोकपणे बोलणं बरोबर नाही.

आता, हा प्रभाव चालतो कसा? एक बाजू सरळ आहे. प्रत्येक उमेदवार, प्रत्येक जाहीरनामा, अर्थसंकल्पातला प्रत्येक आकडा तपासणं कोणाला शक्य नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला विचारणं हे शहाणपणच आहे. आजारपणात आपण असंच करतो, मुलांचं शिक्षण ठरवताना असंच करतो. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. ‘मी कोणाचं ऐकत नाही, मी स्वतः विचार करून मत देतो’ असं अभिमानाने सांगणारा माणूस भेटला, की तो कोणाशी बोलतो हे मी विचारून घेते. बहुधा तो ज्यांच्याशी बोलतो तेही हेच वाक्य म्हणत असतात आणि सगळ्यांचं मतही एकच असतं.

दुसरी बाजू लाजेची आहे, आणि ती जरा थांबून बघण्यासारखी आहे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होती. अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या तीन संशोधकांनी सुमारे १,८०,००० घरं घेतली आणि त्यांतल्या काही घरांना पत्रं पाठवली. एका प्रकारच्या पत्रात नागरिकाच्या कर्तव्याची आठवण होती. दुसऱ्या एका प्रकारात मात्र एक तक्ता होता. त्यात त्या घरातल्या माणसांची नावं, खाली शेजाऱ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे मागच्या निवडणुकांत त्याने मतदान केलं की नाही, ते छापलेलं. ही नोंद तिथे सार्वजनिक असते. आणि पत्रात म्हटलं होतं, की या निवडणुकीनंतर असाच ताजा तक्ता तुम्हाला आणि तुमच्या शेजाऱ्यांना पाठवू.

ते पत्र हातात धरून उभं असलेलं माणूस डोळ्यांसमोर आणा. आपल्या नावापुढची रिकामी जागा. त्याखाली शेजाऱ्याचं नाव आणि त्यापुढे ‘मतदान केलं’. आणि मनात पहिला विचार हाच, की हेच पत्र आत्ता पलीकडच्या घरातही कोणीतरी वाचत असेल.

ज्यांना कसलंच पत्र गेलं नाही त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं. कर्तव्याची आठवण दिलेल्यांत ३१.५ टक्के. शेजाऱ्यांचा तक्ता मिळालेल्यांत ३७.८ टक्के. एका कागदाने आठ टक्क्यांचा फरक. कर्तव्याच्या आवाहनापेक्षा शेजाऱ्याच्या नजरेची ताकद चौपटीहून जास्त.

हे पत्र मला आवडत नाही. त्याने मतदान वाढलं, हे मान्य. तरी आवडत नाही. ज्या नजरेने आज माणूस मतदानाला जातो, तीच नजर उद्या ‘कोणाला दिलंस?’ असंही विचारू शकते. नंतरच्या काही प्रयोगांत मागच्या वेळी मतदान केल्याबद्दल नुसते आभार मानणारं पत्र पाठवलं, तर त्यानेही मतदान वाढलं. ती वाट मला माणसाच्या मानाला धरून वाटते.

चार लोकांची नजर कशी काम करते, याचा एक उलटा पुरावा स्वित्झर्लंडमध्ये मिळाला. तिथल्या कँटनांनी, म्हणजे प्रांतांनी, एकामागून एक टपालाने मतदानाची सोय सुरू केली. केंद्रावर जायला नको, घरबसल्या पाकीट टाकायचं. मतदान भरपूर वाढायला हवं होतं. पॅट्रिशिया फुंक यांनी आकडे तपासले, तर एकूण मतदान फारसं वाढलं नव्हतं. लहान वस्त्यांत ते उलट उतरलं होतं. लहान गावात मतदानाला जाणं म्हणजे चारचौघांत दिसणं होतं. पाकीट पेटीत टाकताना कोणी बघत नाही. कष्ट कमी झाले, पण दिसण्याचं कारणही गेलं.

गुप्त मतदान ही तर याच नजरेला घातलेली भिंत आहे. ती आपल्याला इतकी नेहमीची झाली आहे, की एके काळी ती नव्हती हे विसरायला होतं. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदार सगळ्यांसमक्ष उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा. कारकून ते वहीत लिहायचा, आणि या वह्या अनेक ठिकाणी छापून विकल्या जायच्या. जमीनदार, मालक, धनको कोणीही वही उघडून बघावं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये गुप्त मतपत्रिका आणली होती. इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा १५ ऑगस्ट १८७२ रोजी पाँटेफ्रॅक्ट गावच्या पोटनिवडणुकीत वापरली गेली. त्या दिवशीची लाकडी मतपेटी अजून जपून ठेवलेली आहे. ती बंद करायला लाखेवर उठवलेला शिक्का गावातल्या मिठाईच्या कारखान्यातला होता. हाताशी होतं ते वापरून त्या लोकांनी ती पेटी बंद केली. पण ती बंद केली, हे किती मोठं काम होतं!

आणि तरीही ही भिंत उभी राहते ती शेवटच्या दोन मिनिटांत. आडोशामागे मी एकटी आहे. पण त्या आडोशापर्यंत मी जे मत घेऊन आले ते कित्येक महिने चार लोकांत वावरून आलेलं आहे. मालकाची भीती आडोसा थोपवतो. ‘आपलं ठरलेलंच आहे’ हे वाक्य तो थोपवू शकत नाही, कारण ते वाक्य माझ्याबरोबर आत आलेलं असतं.

म्हणून मला बोलण्याइतकंच गप्प बसण्याबद्दल बोलायचं आहे.

एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन संशोधिकेला १९६५ च्या पश्चिम जर्मनीच्या निवडणुकीने बुचकळ्यात टाकलं. कित्येक महिने दोन मोठ्या पक्षांना मत देऊ म्हणणारे जवळपास बरोबरीत होते. पण ‘जिंकणार कोण?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र सतत एकाच बाजूला सरकत होतं. आणि निकाल लागला तेव्हा त्याच बाजूला आठ टक्क्यांहून जास्त आघाडी निघाली. म्हणजे हवा आधी बदलली आणि मतं मागून आली. त्यावरून त्यांनी एक सिद्धांत मांडला. आपण अल्पमतात आहोत असं ज्यांना वाटतं ते गप्प बसतात. ते गप्प बसल्याने त्यांची बाजू आहे त्याहून लहान दिसते. ती लहान दिसते म्हणून आणखी काही जण गप्प होतात. हे तपासायला त्या लोकांना एक साधा प्रश्न विचारत: समजा, तुम्ही पाच तासांच्या रेल्वे प्रवासात आहात आणि समोरचा प्रवासी अमुक एका बाजूने बोलायला लागला. तुम्ही त्याच्याशी बोलाल का?

या सिद्धांतावर पुढे पुष्कळ काम झालं. सर्वसाधारण परिणाम मानला होता तेवढा मोठा नाही, असं निघालं. पण त्यातलीच एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. अनोळखी प्रवाशापुढे माणूस जितका गप्प होतो, त्याहून जास्त गप्प तो घरच्यांपुढे आणि मित्रांपुढे होतो. जरा विचार केला तर हे पटतं. रेल्वेतला माणूस पाच तासांनी उतरून जाणार. भावाशी आयुष्यभराचं नातं आहे. गमवायचं आहे ते जवळच्यांतच.

आणि मग जवळच्यांबद्दलच आपले अंदाज चुकतात. १९८४ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी रॉबर्ट हकफेल्ट आणि जॉन स्प्रेग यांनी इंडियानातल्या साउथ बेंड शहरात एक खटपटीचं काम केलं. आधी मतदारांना विचारलं, तुम्ही राजकारणाबद्दल कोणाशी बोलता, आणि ते कोणाला मत देतील असं तुम्हाला वाटतं? मग त्या नाव घेतलेल्या माणसांपैकी अनेकांना शोधून काढलं आणि खुद्द त्यांनाच विचारलं. ज्यांच्याशी आपण नेहमी बोलतो त्यांच्याबद्दलही अंदाज बरेच चुकलेले होते. त्यातही जो माणूस आपल्या भोवतालात अल्पमतात, त्याच्याबद्दलचा अंदाज जास्त चुकत होता. म्हणजे बहुमत सगळ्यांना ओळखू येतं. वेगळं मत शेजारी बसलेलं असूनही दिसत नाही.

आमच्या त्या सातजणांत हेच झालं होतं. एक बोलला, सहांनी माना हलवल्या, आणि प्रत्येकाला उरलेले पाच आपल्याविरुद्ध वाटले.

फोनवरच्या ग्रुपांनी या गप्प बसण्याला नवा आकार दिला आहे. पन्नास माणसांच्या ग्रुपात दोघं-तिघं रोज लिहितात, पाच-सहाजण अंगठे उमटवतात आणि चाळीसजण नुसतं वाचतात. पण ग्रुपाचं मत म्हणून मनात राहतं ते त्या दोघा-तिघांचं. समोरासमोर बसलं की निदान कोणाची तरी भुवई वर गेलेली दिसते, कोणी अवघडून खुर्चीत हललेलं दिसतं. ग्रुपात न पटणं आणि फोन न बघणं सारखंच दिसतं.

समाजमाध्यमांची ताकद मात्र जपून समजून घ्यायला हवी. २ नोव्हेंबर २०१० रोजी, अमेरिकी संसदेच्या निवडणुकीच्या दिवशी, फेसबुकवर ६ कोटी १० लाख लोकांचा एक प्रयोग झाला. काहींना ‘आज मतदान आहे’ एवढाच संदेश दिसला. बहुतेकांना त्याबरोबर मतदान केल्याचं सांगणाऱ्या सहा मित्रांपर्यंतचे चेहरे दिसले. नुसत्या संदेशाने काहीच फरक पडला नाही. चेहऱ्यांनी पडला. संशोधकांच्या हिशेबाने थेट परिणामामुळे सुमारे ६०,००० मतं वाढली आणि मित्रांकडून मित्रांकडे गेलेल्या परिणामामुळे आणखी २,८०,०००. यातला दुसरा आकडा बघा. जवळजवळ सगळा परिणाम जवळच्या मित्रांतूनच गेला. नुसत्या नावापुरत्या ओळखीतून काही गेलं नाही. एवढं अवाढव्य यंत्र, आणि ते चाललं पुन्हा त्याच चार लोकांमधून. त्याचबरोबर मला धास्ती वाटते, की कोणाला कोणाचे चेहरे दिसावेत हे एका कंपनीच्या हातात आहे.

मग करायचं काय? ‘वेगवेगळ्या मतांच्या माणसांत मिसळा’ हा सल्ला सगळेच देतात. मीही देते. पण त्याची किंमत सांगितल्याशिवाय तो देणं प्रामाणिकपणाचं नाही. डायना मट्झ यांनी दाखवलं, की ज्यांच्या ओळखीत विरुद्ध मताची माणसं असतात ते समोरच्याची कारणं नीट सांगू शकतात, त्याचे हक्क मान्य करतात. पण तीच माणसं मतदान, प्रचार, चळवळी यांत मागे राहतात. दोन्हीकडची माणसं आपलीच असली की पाऊल अडखळतं. ईरी काउंटीतही हेच दिसलं होतं: ज्यांना दोन बाजूंनी ओढ होती ते उशिरा ठरवत, काही ठरवतच नसत. उलट ज्यांचं वर्तुळ एकरंगी ते हिरिरीने बाहेर पडतात. लोकशाहीला दोन्ही हवं आहे, समजूतही आणि सहभागही, आणि एकच वर्तुळ या दोन्ही गोष्टी सहसा देत नाही.

माझ्यापुरतं मी यातून एक निवडलं आहे, आणि ते का निवडलं ते सांगते.

१९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश यांनी केलेला प्रयोग तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एका रेघेबरोबर दुसऱ्या तीन रेघा, त्यातली सारख्या लांबीची कोणती ते सांगायचं. उत्तर लहान मुलालाही दिसेल इतकं उघड. पण खोलीतले बाकी सगळे प्रयोगकर्त्यांनी आधी ठरवून बसवलेले, आणि ते एकामागून एक बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतात. शेवटी खऱ्या माणसाची पाळी येते. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं बहुमताची री ओढणारी निघाली. हा भाग सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या खोलीत आणखी एकच माणूस खरं उत्तर देणारा बसवला, की चुकांचं प्रमाण एकदम उतरून पाच टक्क्यांच्या आसपास येतं. आणि तो दुसरा माणूस बहुमताहून वेगळं, पण तेही चुकीचंच उत्तर देत असला, तरी चुका खूप कमी होतात. त्याने तुमच्या बाजूने बोलावं लागत नाही. त्या खोलीत सगळे एकच बोलत नाहीत, एवढं कानावर पडलं तरी पुरतं.

तर त्या फोनकडे येते. मैत्रिणीशी बोलून झाल्यावर मला झोप लागली नाही. ती माझ्या गप्प बसण्यामुळे गप्प बसली, हे मनाला लागलं होतं. चार दिवसांनी आम्ही सातही जण पुन्हा भेटलो. मी कोणाच्या विरोधात काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, “माझं अजून ठरलेलं नाही. मला तो दुसरा उमेदवारही विचार करण्यासारखा वाटतो.” दोन क्षण कोणीच बोललं नाही. मग मैत्रीण म्हणाली, “माझंही नाही ठरलेलं.” मग आणखी एकाने मान वर केली. ज्याने ‘आपलं ठरलेलंच आहे’ म्हटलं होतं त्याला वाईट वाटलं, ते स्पष्ट दिसत होतं. तो म्हणाला, “अरे, मग त्या दिवशी का नाही बोललात?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच धड उत्तर नव्हतं.

तासभर बोलणं झालं. मध्ये एकदा आवाज चढले. त्याचं मत बदललं नाही, आणि खरं सांगते, मीही तिकडे सरकले नाही. उठताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “तुझ्या त्या उमेदवाराचं शाळांबद्दल नेमकं काय म्हणणं आहे? असेल तर पाठव मला.” मी घरी जाऊन आधी तेच काम केलं.